पांढऱ्या लाकडाची बाजू

आम्हां सुतारांचा डोळा गाभ्यावरच तयार होतो. सागाचा ओंडका फाडला की मधला तपकिरी गाभा कामाला घ्यायचा आणि सालीलगतचा पांढरा भाग तासून टाकायचा, हे हातात करवत येण्याआधीच कानावर पडतं. यात चूक काहीच नाही. जिवंत झाडाचं अन्नपाणी त्या पांढऱ्या भागात असतं, म्हणून वाळवी आणि भुंगेही आधी तिथेच तोंड घालतात. ऐन, किंजळ, फणस, सगळ्यांना हाच न्याय.

पण अंगणातल्या मांडवासाठी किंवा कुंपणासाठी दाबाखाली औषध भरलेलं पाइन घ्यायला वखारीत गेलं की हाच डोळा उलटा वापरावा लागतो. कारखान्यात वाळवलेलं लाकूड लोखंडी टाकीत बंद करतात, आतली हवा खेचून घेतात, मग औषधाचं पाणी सोडून दाब देतात. झाडात पाणी ज्या वाटांनी चढत होतं, त्याच वाटांनी औषध आत शिरतं. पांढऱ्यात त्या वाटा मोकळ्या असतात, गाभ्यात बहुतांशी बुजलेल्या. म्हणजे औषध पितं ते पांढरं. ज्या खांबात गाभा मोठा आणि पांढऱ्याची नुसती किनार, त्यात औषधही किनारीपुरतंच. पुढे उन्हाने खांब चिरला, चिरेतून पाऊस गाभ्यापर्यंत गेला, की संपलं. पाइनच्या गाभ्यात सागाच्या गाभ्याचा दम नसतो. म्हणून साग घ्यायचा तर पांढरं नको, आणि औषधाचं पाइन घ्यायचं तर पांढरं भरपूर हवं. मी आधी खांबाचं टोक बघतो, लांबी नंतर.

हिरवट रंगावर विसंबू नये. तो औषधातल्या तांब्यामुळे येतो हे खरं, पण रंग वरून फासताही येतो. विचारायचं ते एवढंच, की हे लाकूड जमिनीत गाडायचं आहे की जमिनीपासून वर राहणार आहे? युरोपात बाहेरच्या कामासाठी यांचे वर्गच वेगळे आहेत: जमिनीला न टेकणारं लाकूड तिसऱ्या वर्गात, टेकणारं चौथ्यात, खाऱ्या पाण्यातलं पाचव्यात. दर वर्गाला औषधाचं प्रमाण वाढत जातं. कोकणातल्या पावसात हा फरक विसरून चालत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला जागा मिळते, आणि खांब कुजतो तो बहुधा जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र भेटतात. ओल्या खांबाच्या बुडाला डांबर फासणं तर मला मुळीच पटत नाही. आतली ओल आतच कोंडते.

या विद्येतलं एक मोठं पाऊल आपल्याच देशात पडलं, याचा मला अभिमान आहे. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांना लाकडात असं बांधून ठेवतं की पावसाने ते सहज धुऊन जात नाही. जगभरचे कितीतरी विजेचे खांब त्यावर उभे राहिले. आर्सेनिकच्या धास्तीने २००४ पासून अमेरिकेत घरगुती कामासाठी ते थांबलं. नव्या औषधांत तांबं जास्त असतं. ते साधा खिळा लवकर गंजवतं, म्हणून तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू किंवा जस्ताचा जाड थर दिलेले खिळेच घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

औषध भरलेला खांब मी शक्यतो कापत नाही. कापावाच लागला तर कारखान्यातून आलेलं टोक जमिनीत घालतो आणि कापलेलं वर ठेवतो, पाणी साचू नये म्हणून थोडं उतरतं. त्यावर ब्रशने पुन्हा औषध लावतो. तोंडाला मास्क बांधल्याशिवाय करवत चालवत नाही. उरलेले तुकडे मात्र घरच्यांच्या हाती पडू देत नाही. कोकणात लाकडाचा तुकडा दिसला की न्हाणीच्या चुलीत जातो. आर्सेनिकवालं लाकूड जाळलं तर आर्सेनिक धुरात उतरतं, राखेत राहतं, आणि ती राख पुढे भाजीच्या वाफ्यात पडते. म्हणून काम संपलं की भुशासकट सगळे तुकडे गोणीत भरून मी स्वतः उचलून नेतो, आणि का नेतो ते घरातल्या बायकांना समोर उभं राहून सांगतो, कारण चूल त्यांच्या हातात असते.