शेपटी गोदावरीच्या अलीकडची

वाघ दिसला नाही. तरी त्या दिवशी घरी आले ती अशी, की चहा होईपर्यंतही धीर धरवेना. ओट्याशी उभ्या असलेल्या आईला तिथेच गाठलं आणि सांगायला लागले, "आई, आपल्याकडच्या वांदराची शेपटी पुढे वळते!"

भंडाऱ्यात वाढलेल्या माणसाला वानराचं काय अप्रूप? आमच्या जुन्या घराच्या कवेलूंवरून ती रोज धावायची. पावसाळ्याआधी कवेलू फेरताना बाबा त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. परसातली तूर त्यांनी किती वेळा ओरबाडली, त्याचा हिशेबच नाही. तीस वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती, पण खरी पाहिली ती यंदाच्या मार्चमध्ये, कोक्याच्या जंगलात!

कोका अभयारण्य भंडारा शहराच्या अगदी जवळ. २०१३ साली जाहीर झालेलं, सुमारे १०० चौरस किलोमीटरचं, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेलं. पळस भरात होता, मोहाचा गोड वास हवेत होता. एका वळणावर जिप्सी थांबली. समोरून वानरांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी वाघासाठी झुडपांत डोळे लावून बसलेली. तेव्हा आमचा गाईड हळूच म्हणाला, "ताई, वांदराची शेपटी पाहा ना. पाठीवरून डोक्याकडे वळली आहे. आपल्या भागात अशीच राहते. खाली दक्षिणेत मागे वळते."

मी पाहिलं आणि पाहतच राहिले. पितळी बादलीची कडी उभी धरावी तशी प्रत्येकाच्या पाठीवर कमान! लहान पिलू सोडलं तर सगळी तशीच. मागाहून वाचलं, तर ही गोष्ट शास्त्रात नोंदलेली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले एम. एल. रूनवाल यांनी देशभरातल्या वानरांच्या शेपट्यांचा अभ्यास केला होता. पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी ढोबळ रेषा धरली, तर तिच्या उत्तरेकडची वानरं चालताना शेपटी पुढे वळवतात आणि दक्षिणेकडची मागे. म्हणजे नुसत्या चालीवरून वानराचा मुलूख ओळखता येतो! आमच्याकडच्या झाडीबोलीतला एक शब्द ऐकून आपण माणसाचं गाव ओळखतो ना, अगदी तसं.

मग वाघ मी विसरूनच गेले. एक मादी ऐनाच्या फांदीवर चढली, क्षणभर बसली, समोरच्या धावड्याकडे टक लावून पाहिलं आणि झेप! मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा लांब, ते स्प्रिंगसारखे उलगडले. अंगाहूनही लांब ती शेपटी हवेत मागे तरंगत तोल धरत गेली. आणि पोटाला चिकटलेलं काळपट पिलू? ते तसूभरही हललं नाही! दोन्ही डोळे आपल्यासारखे समोर आहेत, म्हणून वानरांना फांदीचं अंतर नेमकं कळतं. आपण सुईत दोरा ओवतो तो याच नजरेच्या जोरावर.

ती फांदीवर स्थिरावली तेव्हा मी दुर्बीण तिच्या हातावर आणली. नख्या नाहीत, आपल्यासारखी चपटी नखं. चार बोटं लांबसडक. आणि अंगठा मनगटाकडे सरकलेला, आखूड, नावापुरता! चिंचा पाडायची आकडी असते ना, तशी ती चार बोटं फांदीवर अडकतात. पानखाऊ वानरांच्या साऱ्या कुळात अंगठा असाच आखूड झाला आहे. आफ्रिकेतल्या त्यांच्या कोलोबस या भावंडांत तर तो जवळपास उरलेलाच नाही. 'कोलोबस' या नावाचं मूळच 'छाटलेला' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे.

या पकडीची गोष्ट किती जुनी असावी? सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाईट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे प्राइमेट सापडले आहेत, म्हणजे वानर आणि माणूस ज्या गणात येतात त्या गणातले अगदी आरंभीचे जीव. मूठभर आकाराचे. त्यांच्या हातापायांच्या २५ हाडांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. लांब उड्या मारणारे आणि सावकाश चढणारे असे वेगळे फाटे फुटण्याआधी अंग कसं होतं, ते या हाडांत दिसतं. हे सगळं आपल्या शेजारच्या राज्यात, कोळशाच्या खाणीत!

पण मला सर्वांत जास्त हलवलं ते पोटाने. जंगलाबाहेर पडलो तर गावाच्या कडेला एक गाय रवंथ करत बसलेली आणि तिच्या डोक्यावरच्या झाडात एक वानर पोट पुढे टाकून बसलेलं. पान पचवणं सोपं नाही. म्हणून गाईसारखंच वानराचं पोटही कप्प्याकप्प्यांचं असतं. त्यात जिवाणू पान आंबवतात आणि मग त्या जिवाणूंनाच पचवून वानर पोषण मिळवतं. हे काम करणारं रसायन म्हणजे लायसोझाइम. आपल्या अश्रूंतही ते असतं, तिथे ते जंतू मारतं. गाईत आणि वानरात मात्र ते आम्लात टिकून पचनाचं काम करायला लागलं, आणि दोघांतही त्यात तसेच बदल स्वतंत्रपणे घडून आले. १९८७ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. दोघांच्या घराण्यांची वाट केव्हाच वेगळी झालेली, आणि पानाने दोघांना एकाच मुक्कामाला आणून ठेवलं! ती गाय आणि ते वानर एका नजरेत दिसले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आणि वानराचं पानाशी असलेलं हे नातं शेजाऱ्यांपर्यंत पोचतं. मोहाच्या झाडावर वानरं खातात थोडं, सांडतात फार. खाली चितळं ती पानं-फुलं टिपत फिरतात. वरून हुप्प्याची, म्हणजे मोठ्या नराची, धोक्याची खाकर आली की चितळांचे कान ताठ होतात. पॉल न्यूटन यांनी कान्हाच्या जंगलात वानर-चितळांच्या याच सोबतीचा अभ्यास केला. आम्ही त्या सकाळी ती खाकर ऐकली. एका क्षणात चितळांचा अख्खा कळप पुतळ्यासारखा थांबला!

मी आता ठरवलं आहे. आमची वैनगंगा पवनीवरून खाली जाते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते. त्या पाण्यासोबत मला खाली जायचं आहे. वाटेत दिसेल त्या वानराची शेपटी वहीत मांडत जायची. मग गोदावरी ओलांडायची, पलीकडे कालेश्वरमच्या बाजूला पहिलं वानर रस्त्यावर उतरेपर्यंत वाट पाहायची आणि त्याची कमान मागे वळलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. तुम्ही सातारा-कोल्हापुराकडचे असाल, तर आज संध्याकाळी तुमच्या घरामागच्या वानराकडे एकदा नीट पाहा. आणि शेपटी कुठे वळते, ते मला कळवा!