आवाजावरून ओळखू येणारी विमानं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुर्ल्याच्या पोरांना सांताक्रूझकडे उतरणारं विमान ओळखायला आधी कानच पुरे होत. कानात सुई घुसावी तशी बारीक, तीक्ष्ण शिट्टी आली की ते रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन. मग फोकर फ्रेंडशिप, ॲव्हरो की व्हायकाउंट, एवढंच ठरवायचं उरे, कारण तिघांनाही इंजिन तेच. त्यासाठी मात्र गच्चीवर धावावं लागे. पंख विमानाच्या माथ्यावर बसवलेला असेल तर फोकर. पंख खाली आणि इंजिनं त्याच्या वर उठून आलेली असतील तर ॲव्हरो. चार इंजिनं आणि मोठ्या लंबगोल खिडक्या दिसल्या की व्हायकाउंट.

इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल तर लांबूनच कळे. दोन्ही इंजिनं शेपटीशी, खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी, आणि नाक चक्क ब्रिटिश कॉमेटवरून घेतलेलं. परदेशी विमानांत खरी परीक्षा बोइंग ७०७ आणि डग्लस डीसी-८ यांची. दोघांनाही पंखाखाली चार इंजिनं, बांधाही जवळजवळ सारखा. पण ७०७च्या शेपटीच्या टोकाला पुढे आलेला भाला असे, आणि डीसी-८च्या नाकाखाली हवा आत घेणारी दोन छिद्रं. हे ज्याला आधी दिसे त्याचा त्या दिवशी गच्चीवर मान.

त्या आकाशातली विमानं किती तरी घराण्यांनी बांधलेली होती. अमेरिकेत बोइंग, डग्लस, लॉकहीड, कॉन्व्हेअर. ब्रिटनमध्ये व्हिकर्स, डी हॅविलंड, हॉकर सिडली. फ्रान्सचं स्युद, हॉलंडचं फोकर, रशियाचे इल्युशिन आणि तुपोलेव. प्रत्येकाची विचार करण्याची रीत वेगळी. इंजिनं पंखाखाली लटकवायची, पंखाच्या मुळात लपवायची की शेपटीला बांधायची, या प्रश्नाचं प्रत्येक घराण्याचं उत्तर निराळं, आणि ते आकाशात सगळ्यांना दिसे. इंडियन एअरलाइन्सची ॲव्हरो तर आपल्याच कानपूरच्या कारखान्यात बांधलेली होती.

१९७१ साली एअर इंडियाचं पहिलं ७४७ आलं, ‘एम्परर अशोका’. खिडक्यांभोवती लाल रंगात राजस्थानी झरोके रंगवलेले. असं विमान जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मात्र आम्ही ते खालून बघत होतो. नात्यात कुणी आखाताला किंवा लंडनला निघालं की दोन टॅक्स्या भरून माणसं पोचवायला जात, हार घालत, आणि प्रेक्षकांच्या गॅलरीतून विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवत. विमानात बसणारा एक आणि बघणारे वीस, हे त्या काळाचं प्रमाण होतं. जुन्या विमानप्रवासातली चिनी मातीची भांडी आणि रुमालांच्या घड्या ज्यांना आठवतात, ते त्या विसातले नव्हते.

आज त्याच कुर्ल्यावरून दर काही मिनिटांना एक विमान उतरतं आणि त्यातली बहुतेक दोनच घराण्यांची असतात, एअरबस नाही तर बोइंग. पंखाचं टोक वर आणि खाली असं दुभंगलेलं असेल तर ७३७ मॅक्स, एकच पातं वर वळलेलं असेल तर ए-३२० निओ. ओळखण्याचा खेळ इथंच संपतो. इंजिनं शांत झाली, इंधन कमी जळू लागलं, काळा धूर गेला, आणि हे सगळं चांगलंच झालं. पण वाऱ्याच्या बोगद्यात आणि हिशेबाच्या वहीत सगळ्यांची उत्तरं एकच येऊ लागली, तशी विमानं एकमेकांसारखी होत गेली. फोकर १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ट्रायस्टार या विमानानंतर लॉकहीडनं प्रवासी विमानांचा नाद सोडला. डग्लस आधी मॅकडोनेलमध्ये मिसळली आणि १९९७ मध्ये दोन्ही मिळून बोइंगच्या पोटात गेल्या.

गंमत म्हणजे एअरबस तेव्हा धाकटं घर होतं. युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन बांधलेलं ए-३०० हे जगातलं पहिलं दोन इंजिनांचं रुंद प्रवासी विमान, पण सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. युरोपाबाहेर ज्या थोड्या कंपन्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला त्यांत आपली इंडियन एअरलाइन्स होती. १९७६ मध्ये ही विमानं आपल्याकडे आली. तीच एअरबस २०२३च्या जूनमध्ये पॅरिसला इंडिगोकडून एकाच वेळी ५०० विमानांची मागणी घेते. विमानवाहतुकीच्या इतिहासात तोवर एवढी मोठी खरेदी झाली नव्हती.

एवढी विमानं लागावीत इतकी माणसं उडू लागली, हा बदल घडवला स्वस्त विमानकंपन्यांनी, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. २००३च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनचं छोटं एटीआर बंगळूरहून हुबळीला उडालं, तेव्हा या देशात पहिल्यांदा विमानाचं तिकीट रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या तिकिटाशी स्पर्धा करू लागलं. कंपनीचं बोधचिन्ह होतं आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. ती कंपनी टिकली नाही, पण तिनं उघडलेलं दार पुन्हा बंद झालं नाही. आज पुण्याच्या विमानतळावर पहाटे नातीकडे निघालेली नऊवारीतली आजी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली दिसते, आणि काउंटरवरची मुलगी तिला सांगते, “आजी, खिडकीची जागा दिलीय तुम्हाला.” गच्चीवरून विमान बघणाऱ्यांच्या पिढीला याहून मोठं समाधान नाही.

या स्वस्ताईचं गणित साधं आहे. सगळी विमानं एकाच जातीची घ्यायची, म्हणजे कुठलाही वैमानिक कुठलंही विमान उडवू शकतो, सुटे भाग एकाच तऱ्हेचे लागतात, मेकॅनिकला एकच यंत्र शिकावं लागतं. विमान अर्ध्या तासात रिकामं करून, भरून पुन्हा उडवायचं. जेवण, सामान, जागेची निवड याचे पैसे वेगळे. एकाच जातीच्या विमानाचं आणि झटपट फेरीचं गणित टेक्सासच्या साउथवेस्टनं १९७१ पासून जवळजवळ फक्त ७३७ वापरून सिद्ध केलं आणि जगानं ते उचललं.

पण याच गणितानं पुढे विमान बांधणाऱ्याचा हात पिरगाळला. ७३७ पहिल्यांदा १९६७ मध्ये उडालं. लहान विमानतळांवर बाहेरच्या शिडीशिवाय भागावं म्हणून ते मुद्दाम जमिनीजवळ ठेवलेलं होतं. एअरबसनं २०१० च्या अखेरीस निओ जाहीर केलं, तेव्हा बोइंगपुढे दोन वाटा होत्या. नवं विमान आखायचं, किंवा जुन्यालाच मोठी इंजिनं लावायची. विमानकंपन्यांना वैमानिकांचं महागडं नवं प्रशिक्षण नको होतं, म्हणून दुसरी वाट निवडली गेली. मोठं इंजिन त्या बुटक्या पंखाखाली मावेना, ते पुढे आणि वर सरकवावं लागलं. त्यानं काही परिस्थितींत नाक वर उचललं जाऊ लागलं, आणि त्यावर उपाय म्हणून नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही संगणकीय यंत्रणा बसवली. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चाले आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात अशी दोन ७३७ मॅक्स कोसळली आणि मिळून ३४६ माणसं गेली.

बोइंग ७०७ आणि ७४७ ज्या घरानं बांधली त्याच घराची ही गोष्ट आहे, म्हणून ती जास्त लागते. बोइंगचं मुख्यालय सिॲटलच्या कारखान्यांशेजारी होतं. २००१ मध्ये ते शिकागोला गेलं. निर्णय घेणारी माणसं रिव्हेट ठोकणाऱ्या माणसांपासून दूर गेली. कंपनीचा कल अभियंत्यांकडून हिशेबनिसांकडे झुकला, हे तिच्याच अनेक जुन्या अभियंत्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. पूर्वी बाजारात दहा घरं होती, तेव्हा एकाचं चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाई. आज बोइंगवर नाराज झालेल्याला एअरबसच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहावं लागतं.

आपल्या आकाशातही असंच झालं. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त आता एकट्या इंडिगोचे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये या एका कंपनीचं वेळापत्रक कोसळलं, तेव्हा देशभरातली विमानतळं अडकलेल्या माणसांनी भरून गेली. हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि प्रवाशांना वळायला दुसरं दार फारसं नव्हतं.

मला जुना महागडा प्रवास परत नको आहे. मला परत हवी आहे ती घराण्यांची गर्दी आणि त्या घरांतला अभियंत्याच्या शब्दाचा दरारा. आपण विमानं शेकड्यांनी विकत घेतो, पण ज्या देशानं कानपूरला ॲव्हरो बांधली तो आज एकही मोठं प्रवासी विमान बांधत नाही, याची हुरहूर वाटते. हवाई दलाच्या जुन्या ॲव्हरोंची जागा घेणारं सी-२९५ आता वडोदऱ्यात तयार होतं आहे. त्या कारखान्यात शिकलेल्या हातांना उद्या प्रवासी विमान बांधायला मिळावं, असं मनापासून वाटतं.

आणि स्वस्त तिकीट स्वस्तच राहावं. त्यासाठी जेवण काढा, सामानाचे वेगळे पैसे घ्या, खुर्च्या जवळ आणा, लाडवांच्या डब्यासकट आजी आनंदानं बसेल. फक्त अभियंत्याच्या तपासणीतून आणि वैमानिकाच्या झोपेतून पैसे वाचवू नका. तिकिटाचा तेवढा भाग ज्या दरानं पडेल त्या दरानं आम्ही घेऊ.