डोंगरावरच कां?

दोडामार्गास आमच्या अंगणांतून सह्याद्रीची निळी रांग दिसते. तिच्याकडे पाहतां पाहतां एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रश्न आम्हांस वारंवार आठवे. इतिहासाच्या तासास आम्हीं नित्याप्रमाणें सांगितलें होतें कीं, इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळील हिरा गुहेंत महंमद पैगंबरांस ईश्वरी संदेश प्राप्त झाला. तेव्हां एका मुसलमान मुलानें विचारलें, "गुरुजी, डोंगरावरच कां?" "परीक्षेंत हें विचारीत नाहींत," असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हतें, हें मात्र सांगितलें नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत कल्याणास पुतण्याकडे गेलों असतां मलंगगड चढण्याचा योग आला. गडाच्या माचीवर हाजी मलंग यांचा दर्गा आहे. हे सत्पुरुष अरबस्तानांतून आले अशी परंपरा आहे. माघी पौर्णिमेस येथें उत्सव भरतो. विशेष हें कीं, १७८० सालीं इंग्रज कल्याणास आले होते, ते परत गेल्याबद्दल पेशव्यांनीं कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांच्या हस्तें या समाधीस अर्पण पाठविलें, असें १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे. तेव्हांपासून दर्ग्याची वहिवाट त्या ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. हें मच्छिंद्रनाथांचें स्थान आहे असा दावा १९८० च्या दशकांत पुढें येऊन वाद माजला. त्या वादाचा निवाडा करण्यास आम्ही चढलों नव्हतों.

निम्म्या पायऱ्यांवर गुडघे बोलूं लागले. खालपासून चाललेल्या आमच्या गोष्टी, घरची वांटणी, निवृत्तिवेतन, नातवाची नोकरी, एकेक करून गळून पडल्या. उरला केवळ श्वास. तेथें कट्ट्यावर टेकलों असतां त्या मुलाच्या प्रश्नाचा उलगडा झाला.

हिरा गुहा ज्या डोंगरांत आहे त्यास 'जबल-अन्-नूर', म्हणजे प्रकाशाचा पर्वत, म्हणतात. इस्लामांत पर्वताची पूजा नाहीं. हज यात्रेच्या विधींतही या डोंगराचें आरोहण येत नाहीं. महत्त्व आहे तें एकांताचें. व्यापारानें गजबजलेल्या मक्केंत जें ऐकूं येत नव्हतें, तें त्या अरुंद गुहेंत ऐकूं आलें. मूसास तूर पर्वतावर लाभला, समर्थांस शिवथरघळींत लाभला, तो हाच एकांत. आणि पहिली आज्ञा झाली ती वाचण्याची! जन्मभर मुलांस वाचावयास शिकविणाऱ्या आम्हांस हें कधीं उमगूं नये काय?

परंतु खरें मोल पुढेंच आहे. पैगंबर डोंगरावर राहिले नाहींत. भयानें थरथरत ते घरीं आले व पांघरूण घालावयास सांगते झाले. पत्नी खदीजा हिनें त्यांस धीर दिला आणि सर्वांआधीं तिनेंच विश्वास ठेविला. ऐकावयास डोंगर लागला, पण ऐकलेलें पेलावयास घरच लागलें. गृहस्थाश्रमाची याहून मोठी थोरवी कोणती?

तो मुलगा आतां पन्नाशीचा असेल. त्याच्या घरीं हा अंक गेलाच, तर कोणीं त्यास एवढें सांगावें: गुरुजींनीं उत्तर फार उशिरां दिलें, पण दिलें.