डुकरं, भात आणि बाराबोअर

आमच्या मंडणगड-दापोलीच्या पट्ट्यात बंदूक ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. नांगर, कोयती, इरलं यांच्या शेजारी तीही शेतीच्या सामानात मोडे. कुणाच्या घरी ठासणीची, कुणाकडे एकनळी, आणि आमच्या मोहल्ल्यातही एखाददुसऱ्या घरी परवान्याची दुनळी. आमच्याकडे अब्बांची होती. ती भिंतीला उघडी टांगलेली असायची, पण परवाना मात्र पत्र्याच्या डब्यात, घराच्या कबाल्याबरोबर आणि निकाहनाम्याबरोबर. अब्बा म्हणत, "बंदुकीला गंज चढला तर तेल आहे. कागदाला वाळवी लागली तर काय करशील?"

हा डबा अब्बांना एवढा जीव की प्राण का वाटे, हे मला १९९३ साली कळलं. मुंबईच्या स्फोटांची दारू रायगडच्या शेखाडीला किनाऱ्यावर उतरली होती, आणि त्यानंतर खाडीच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक कोकणी मुसलमानाकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघू लागले होते. अब्बांना तालुक्याच्या ठाण्यावर बोलावणं आलं. बंदूक गोणपाटात गुंडाळून, डबा काखेत मारून ते एस.टी.ने गेले. क्रमांक ताडून झाला, काडतुसं मोजून झाली, आणि संध्याकाळी ते बंदुकीसकट परत आले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "कागद होता म्हणून परत आलो." त्या दिवसापासून ती बंदूक माझ्या लेखी डुकरांपेक्षा कागदाशी जास्त जोडली गेली.

हा कागदही काही साधा नाही. १८५७चा उठाव झाल्यावर इंग्रजांनी लोकांच्या हातातली शस्त्रं काढून घेतली, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, गोऱ्या माणसाला मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध तक्रार असे. आपलं राज्य आल्यावर १९५९चा कायदा झाला, तो १९६२च्या १ ऑक्टोबरपासून लागू आहे. रंगाचा भेद गेला, परवाना राहिला. सूट अजूनही कुणाला आहेच म्हणा. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा लोकांना बंदुकीसाठी परवान्याची सक्ती नाही, आणि ती सवलत केंद्राने २०२९पर्यंत वाढवली आहे. आमचा एक जमातवाला दर वर्षी मला विचारतो, कोडगूत सोयरीक जमेल का!

२०१७ साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले. परवानाधारक गेला की त्याची बंदूक घरात ठेवता येत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. चाळिसाव्याच्या आत मी ती जमा करून पावती घेतली. मग घरात बैठक बसली. मेहुण्याचं म्हणणं स्पष्ट होतं : "भाईजान, आजचे दिवस कसले आहेत? आपल्या नावापुढे बंदूक हा शब्दच नको. सरकारजमा करा, मोकळे व्हा." त्याच्या बोलण्यात भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण मला वाटलं, सरकारने आमच्या घरावर विश्वास टाकल्याचा जो एकमेव शिक्कामोर्तब कागद आमच्याकडे आहे, तोच आपण होऊन परत का करायचा? शिवाय डुकरं काही मेहुण्याचं ऐकून भात खायची थांबणार नव्हती. खाचरात एक कळप रात्रभर लोळला की कापायला पेंढासुद्धा उरत नाही.

वारसाने परवाना मागायची सोय २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. वडील वारले असतील तर, किंवा हयात वडिलांना सत्तर वर्षं झाली असतील अथवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली असतील तर वारस अर्ज करू शकतो. अर्जासोबत बाकीच्या भावंडांची ना-हरकत लागते, आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. शेतीची राखण कारण म्हणून लिहायची तर सातबारा जोडायचा. हे सगळं मी केलं. मग पोलीस चौकशी. चौकशीला आलेले गृहस्थ सभ्य होते, पण त्यांना एक कोडं सुटत नव्हतं.

"मास्तर, तुमच्यात डुकराचं नावसुद्धा घेत नाहीत. मग डुकरासाठी बंदूक कशी?"

मी म्हटलं, "साहेब, आम्ही डुक्कर खात नाही. पण डुक्कर आमचं भात खातं ना!"

ते हसले. तरीही शेजाऱ्यांचे जबाब झालेच. माझ्या बांधाला बांध असलेला कुणबी शेजारी जबाब देऊन आला आणि मला म्हणाला, "मी सांगितलंन, मास्तरांची बंदूक बंद झाल्यापासून माझापण भात जातोय. त्यांना द्या, नाहीतर मला द्या." असा जबाब कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसतो ते ठाऊक नाही, पण परवाना आला. मधे टाळेबंदी येऊन गेली, तरी आला. २०१९च्या दुरुस्तीनंतरचा असल्याने त्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारसाने आलेलं शस्त्रही त्या दोनातच धरायचं. आम्हाला एकाचीच पंचाईत होती, तेव्हा ही अट आमच्या मुळावर आली नाही.

बंदूक सोडवून आणली तेव्हा नळ्यांच्या आत तांबूस खड्डे पडले होते. जिथे ठेवली होती तिथे चार पावसाळे कुणी तेलाचा बोळा फिरवला नव्हता. मी ती कोल्हापूरच्या एका दुकानात नेली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने नळी उजेडाकडे धरली, डोळा लावला आणि मान हलवली. दुसरी गोष्ट त्याने दाखवली ती मला नवी होती. अब्बांची बंदूक जुन्या विलायती मापाची. तिचं घर अडीच इंची काडतुसाचं. आज बाजारात मिळतं ते पावणेतीन इंची. ते आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. "मास्तर, ही आता भिंतीवर शोभेल," तो म्हणाला. पण परवान्याच्या जगात शोभेची बंदूक अशी चीज नसते. रीतसर कळवून ती त्याच दुकानाला विकली, परवान्यावरून तिचा क्रमांक उतरवला आणि तिच्या जागी दुसरी घ्यायची परवानगी घेतली. अब्बांच्या हाताने गुळगुळीत झालेला तो अक्रोडाचा दस्ता कारागिराने दुसऱ्या कुणाच्या बंदुकीसाठी बाजूला ठेवला. मी त्या बाजूला फार वेळ बघितलं नाही.

आता नवी कुठली घ्यायची? माझा भाचा दुबईला असतो. त्याने परदेशातल्या आखूड बंदुकांची चित्रं फोनवर दाखवली. काळ्या, लांड्या, हातभर लांबीच्या. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. माझी साठी उलटली आहे, उजवा खांदा धरतो, आणि काजूच्या फांद्यांखालून वाकून जाताना तीस इंची नळी प्रत्येक डहाळीला सलाम करत जाते. आखूड आणि हलकी बंदूक मलाही हवी होती. दुकानदाराने मात्र लाकडी मोजपट्टी काचेवर ठेवली आणि वीस इंचांवर बोट टेकवलं. गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी वीस इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एकावन्न सेंटिमीटरपेक्षा, आखूड असेल तर ती वेगळ्या, निर्बंधाच्या वर्गात जाते, आणि साध्या परवान्यावर ती मिळत नाही. भाचा म्हणाला, लांब घेऊन कापता येईल की! दुकानदाराने कानाला हात लावला. नळी कापून आखूड करणं हा कायद्याच्या सहाव्या कलमाने स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१९पासून त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आमच्यासारख्या नावाच्या माणसाच्या घरात कापलेली नळी सापडली तर काय होईल, हे मी भाच्याला वेगळं सांगितलं नाही. तोही समजला.

आखूड नळीबद्दल लोकांत एक समजूत आहे, की छर्रे भिंतीएवढे पसरतात आणि नेम धरायलाच नको. कारागिराने ती खोडून काढली. छर्रे किती पसरतात हे मुख्यतः नळीच्या तोंडाच्या आवळपणावर ठरतं, लांबीवर फारसं नाही. आखूड आणि हलक्या बंदुकीचा आवाज मात्र कानठळ्या बसवणारा, आणि धक्का जास्त. म्हणजे माझ्या खांद्यासाठी मी जी मागत होतो, तीच खांद्याला जड जाणार होती. बाराबोअर हे नाव कुठून आलं तेही त्यानेच सांगितलं : नळीच्या मापाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण हे माप मला ठाऊक नव्हतं.

दुकानात माल तरी किती असणार! व्यापारासाठी परदेशी बंदुका आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. म्हणून विलायती दुनळी दिसते ती जुनी, हातोहात फिरलेली, आणि तिची किंमत तिच्या वयाबरोबर चढते. बाकी राहतात सरकारी आयुध कारखान्यांच्या बंदुका, आणि मुंगेर, जम्मू इथल्या खासगी कारखान्यांच्या. मुंगेरचं नाव ऐकून मी थबकलो. अठराव्या शतकात नवाब मीर कासिमने राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सरदाराच्या देखरेखीखाली तिथे बंदुका घडवायला लावल्या. बक्सरला राज्य बुडालं, पण कारागिरी टिकली. आज त्या गावाचं नाव चोरट्या कट्ट्यांमुळे बदनाम आहे, आणि परवान्यावर काम करणाऱ्या तिथल्या कारागिरांना त्याची झळ बसते. एका गावाच्या काही लोकांमुळे सगळं गाव कसं संशयात येतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी मी पंप लावलेली घेतली नाही. घ्यायला हरकत नव्हती. तिच्या नळीखाली चार-पाच काडतुसं मावतात आणि ती दिसतेही रुबाबदार. पण दुनळी मोडून हातावर आडवी टाकली की ती रिकामी आहे की भरलेली, हे दहा पावलांवरच्या माणसाला दिसतं. बांधावरून जाताना समोर शेजाऱ्याची बायको डोक्यावर भारा घेऊन येत असते. तिला ते दिसलं पाहिजे. म्हणून साधी सरकारी दुनळीच. दस्त्याला रबराची गादी लावून घेतली, खांद्याला पट्टा, तीन तुकड्यांची सळई, तेलाची बाटली, कॅन्व्हासचं म्यान. भाच्याने आवाज दाबणाऱ्या नळकांड्याची चौकशी केली तेव्हा दुकानदाराने दुसऱ्यांदा कानाला हात लावला. ते नळकांडं नुसतं जवळ असलं तरी कायद्याच्या लेखी ते स्वतःच शस्त्र. टॉर्च बसवायचा चिमटा मी नको म्हटलं. राखणीला माणूस आवाज करत जातो. दिवा लपवून जातो तो शिकारी.

काडतुसं आमच्या खडकीचीच, शक्तिमान छापाची. परवान्यावर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे एकही मिळत नाही, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. गावी आल्यावर बंदूक कचेरीत दाखवून क्रमांक चढवला, ठाण्यात नोंद केली. पुतण्याच्या लग्नात कुणीतरी सुचवलं, मास्तर, एक बार होऊ द्या. मी नाही म्हटलं. आनंदाचा बार काढायलाही २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि एवढं करून डुक्कर मारता येतं का? तर नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, डुकराची परवानगी वेगळी. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या परिशिष्टात आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारचं. या शेवटच्या अटीचा मला काहीच त्रास नाही. गावातले काही जण मात्र या अटीवर हळहळतात. एरवी आमची राखण म्हणजे डबे बडवणं आणि फार झालं तर डोंगराच्या अंगाला एक रिकामा बार. बहुतेक रात्री तेवढं पुरतं.

निवडणूक आली की तेही बंद. छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करून, गरज असेल तिथेच शस्त्र जमा करून घ्यावं, असं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे सरसकट नोटीस येते. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. पहिल्या वेळी काजू-आंबा, दुसऱ्या वेळी कापणीला आलेलं भात. दोन्ही वेळा बंदूक ठाण्याच्या कपाटात आणि डुकरं शेतात. रांगेत माझ्या पुढे-मागे कुणबी, भंडारी, मराठे, सगळ्या जातींचे शेतकरी गोणपाट घेऊन उभे होते. अब्बा १९९३ साली त्या ठाण्यात एकटे गेले होते. मी रांगेत होतो. मला ते बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. नोटीस अन्यायाची होती, पण सगळ्यांना सारखी होती. पावती घेताना मी सोबत तेलाची बाटली आणि चिंधी नेली होती, आणि कपाटात ठेवण्याआधी नळ्या स्वतः पुसल्या.

आता नूतनीकरण जवळ आलं आहे. मुलगा कतारला, त्याला बंदुकीत रस नाही. धाकटी मुलगी कृषी पदविका घेऊन गावात राहिली आहे. काजूची रोपवाटिका तीच बघते आणि रात्री डबे बडवायलाही तीच बाहेर पडते. परवा तिने विचारलं, "अब्बा, तो शिक्षणाचा दाखला बायकांना मिळतो का?" मिळतो म्हटलं. कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन करून प्रशिक्षण कुठे चालतं ते विचारून ठेवलं आहे. पत्र्याच्या डब्याचं झाकण गंजलं होतं, ते तिने घासून स्वच्छ केलंय.