शिवसागराच्या काठचा निवांत रस्ता

सह्याद्रीतील घाट म्हटले की मालमोटारींची रांग, वळणावर वाजणारे कर्कश भोंगे आणि धुराने काळवंडलेले कठडे डोळ्यांपुढे येतात. खंबाटकी असो, पसरणी असो वा कुंभार्ली, हे सारे घाट कोठून तरी कोठेतरी पोहोचण्याच्या घाईचे आहेत. सातारा शहराच्या पश्चिमेला मात्र असा एक रस्ता आहे, जो कोणत्याही मोठ्या बाजारपेठेला वा बंदराला जात नाही. तो यवतेश्वराचा घाट चढतो, कासच्या पठारावरून जातो, बामणोलीला उतरतो आणि पाण्याच्या काठाशी थांबतो. पुढे रस्ताच नसल्यामुळे वाहनेही फारशी नाहीत. सायकलने प्रवास करू इच्छिणाऱ्याला सह्याद्रीचे खरे दर्शन घडते ते अशाच वाटेवर.

साताऱ्याच्या जुन्या वस्तीतून बाहेर पडताच चढ सुरू होतो. कासपर्यंतचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आणि चढाई सुमारे ५०० मीटर. यवतेश्वरापर्यंतचा टप्पा छातीचा भाता फुलवणारा आहे; तो पार झाला की रस्ता डोंगराच्या माथ्याला लागतो आणि दोन्ही अंगांना दऱ्या उघडतात. उजवीकडे वेण्णा नदीवरील कण्हेर धरणाचे पाणी, डावीकडे उरमोडीचा जलाशय आणि त्याच्या बाजूला समर्थांचा सज्जनगड. मोटारीत बसलेल्या प्रवाशाला ही दोन जलाशयांची जोडी क्षणभर दिसते व नाहीशी होते. सायकलस्वाराबरोबर मात्र ती बराच वेळ चालत राहते. एका वळणावर उजवे पाणी, पुढच्या वळणावर डावे. आपण एका अरुंद कण्यावरून चाललो आहोत, हे त्याला नकाशावाचून उमगते.

कासचे पठार आता जगाला ठाऊक आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासचा समावेश आहे. जांभ्या खडकावर मातीचा इतका पातळ थर आहे की मोठा वृक्ष तेथे मूळ धरू शकत नाही. आणि म्हणूनच पावसाळ्याच्या अखेरीस तेथे तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशा इवल्या वनस्पतींचे राज्य अवतरते. त्यांतील काही तर कीटकभक्षी आहेत, कारण या खडकाळ जमिनीत पोषण अपुरे पडते. फुले पाहण्यास सप्टेंबर महिना उत्तम. परंतु त्या दिवसांत, विशेषतः शनिवारी-रविवारी, या रस्त्यावर वाहनांची दाटी असते. निवांतपणा हवा असणाऱ्याने त्या काळातही मधला वार आणि पहाटेची वेळ निवडावी, अथवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत यावे. तेव्हा फुले नसतात. परंतु वाळलेल्या सोनेरी गवताचे पठार आणि स्वच्छ क्षितिज असते. सायकलचा एक गुण येथे प्रकर्षाने जाणवतो. तिच्या मंद गतीमुळे रस्ता ओलांडणारा खेकडा वा गोगलगाय वेळीच दिसते आणि चाक बाजूला घेता येते.

साताऱ्याला पाणी पुरवणारा कास तलाव मागे पडला की बहुतेक पर्यटक माघारी वळतात. खरी शांतता सुरू होते ती येथून. रस्ता झाडीतून उतरू लागतो. सुमारे १२ ते १५ किलोमीटरच्या या उतारावर मधूनच एखादी वाडी, कौलारू घर, शाळेला निघालेली मुले दिसतात. एरवी सोबत वाऱ्याची आणि पक्ष्यांची. मग झाडांच्या फटीतून खाली निळा विस्तार दिसतो. तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय.

या शांततेचा उगम त्या पाण्यात आहे. कोयना नदीवर सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी चढू लागले. १०५ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाने कोयनेच्या खोऱ्यातील अनेक गावे, भातखाचरे, देवळे आणि जुन्या वाटा पोटात घेतल्या. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या काठाने जाणारी वहिवाट बुडाली. बुडालेल्या गावांतील कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. काही घरे डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे आणि महाराष्ट्राच्या कारखान्यांनी व घरांनी त्या विजेचा लाभ घेतला आहे. पैलतीरावरील गावांना मात्र दवाखान्यासाठी वा बाजारासाठी लाँचची वाट पाहावी लागली. कित्येक घरांतील कर्ती माणसे मुंबईला गेली आणि गावात म्हातारी माणसे उरली.

म्हणून बामणोलीच्या काठावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवणे उचित ठरेल. जो निवांतपणा त्याला सुखावतो, तो केवळ निसर्गाची देणगी नव्हे. त्यामागे माणसांचे उठून जाणे आहे. हे कळल्यावर पाण्याचे सौंदर्य उणावत नाही, पण पाहणाऱ्याचा स्वर खाली येतो. कोणाच्या तरी ओसरीवर आल्यासारखे तेथे वागावेसे वाटते.

बामणोलीहून पुढचा मार्ग पाण्यावरचा. येथूनच वासोटा किल्ल्याकडे आणि तापोळ्याकडे लाँच जातात. नावाड्याशी आधी बोलून ठेवले तर सायकलीही लाँचवर चढवता येतात. दिवसभर पायांनी मोजलेले अंतर आता पाणी मोजते. दोन्ही तीरांवरचे डोंगर संथपणे सरकतात. नद्यांचा संगम मागे पडतो आणि तापोळा येते. मुक्कामासाठी हे ठिकाण सोयीचे आहे. गावात व आसपास कृषी पर्यटनाची घरे आहेत. आधी कळवले तर सूर्यास्तापूर्वी साधे घरगुती जेवणही मिळू शकते.

दुसऱ्या दिवशी तापोळ्याहून महाबळेश्वरापर्यंतची चढण. अंतर २५ ते ३० किलोमीटर, चढाई सुमारे ७०० मीटर. रस्ता वळणावळणाने जंगलातून वर जातो आणि प्रत्येक वळणागणिक शिवसागर अधिक खोल, अधिक लहान होत जातो. हा चढ घाईने संपवण्याचा नव्हे. लहान गिअर, ठरावीक लय आणि दर तासाला विसावा, एवढे पाळले तर चाळिशी-पन्नाशीतील सराव असलेली व्यक्तीही तो सहज पार करते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत गर्दी पुन्हा भेटते. तिला वळसा घालून तिसऱ्या दिवशी केळघर घाटाने मेढ्याला उतरावे आणि साताऱ्यास परत यावे. हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर असून त्यातील बराचसा भाग उताराचा आहे.

या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी पाळाव्यात. जून ते ऑगस्टमध्ये धुके, निसरडा रस्ता आणि दरडींचे भय असते. तो काळ टाळणे श्रेयस्कर. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासावेत आणि लांब उतारावर ते सतत दाबून न ठेवता थांबून थांबून वापरावेत. कास तलावानंतर दुकाने विरळ आहेत, म्हणून पाणी, दशम्या, खजूर वा चिक्की जवळ असावी. पंक्चर काढण्याचे साहित्य, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा अनिवार्य समजावा. प्रत्येक टप्पा दिवसाउजेडी संपवावा. लहान मुले सोबत असतील तर चढासाठी एखादे वाहन मागे ठेवून त्यांना फक्त माथ्यावरच्या सपाट टप्प्यात सायकल चालवू द्यावी.

या खोऱ्याचे रूप आता पालटण्याच्या उंबरठ्यावर आहे. तापोळा आणि अहिर यांना जोडणाऱ्या मोठ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. याच परिसरासाठी नवीन महाबळेश्वर या गिरिस्थानाची योजनाही शासनाने मांडली आहे. रस्ता पाण्यापाशी थांबणार नाही, तेव्हा वाहनेही थांबणार नाहीत. निवांत वाटांवर प्रेम करणाऱ्याला याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. पण पैलतीरावर रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, तर तिच्या घरच्यांना निवांतपणा नको असतो, पूल हवा असतो. दोन-तीन दिवसांच्या पाहुण्याच्या शांततेपेक्षा साठ वर्षे वाट पाहणाऱ्यांचा हक्क मोठा आहे.

मात्र पूल येणे आणि पुलापाठोपाठ डोंगर विकला जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली न्यायाची आहे. दुसरी टाळता येण्याजोगी. गावकऱ्याच्या घरी उतरणारा, त्याच्याच चुलीवरचे जेवण घेणारा, कचरा मागे न ठेवणारा आणि आवाज न करणारा प्रवासी या खोऱ्याला परवडतो. असे प्रवासी वाढले, तर गावातील तरुणाला मुंबईऐवजी गावातच उपजीविका मिळू शकते आणि डोंगरही शाबूत राहतो. सायकलस्वाराला ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही. जेवढे स्वतःला चढावर ओढून नेता येईल तेवढेच ओझे तो बरोबर घेतो.