दोष आणि दोषी

मुंबई–नाशिक महामार्गावर भिवंडी तालुक्यात वडपे हे गाव लागते. आज या परिसराची ओळख गोदामांनी झाली आहे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता येथे जवळच येऊन थांबला. साहजिकच ट्रकांची वर्दळ अखंड असते. रस्त्याच्या कडेला गॅरेज, पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या आहेत. जुन्या ट्रकांविषयी तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही.’ या साध्या तक्रारीची उकल एक मिस्त्री कशी करतो, हे पाहण्याचा योग आम्हांस आला. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम थोडे यंत्राविषयी. बॅटरी सेल्फला फिरवते आणि सेल्फ इंजिनाला. परंतु फिरणे म्हणजे चालू होणे नव्हे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीतील ऑग्जबर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे तत्त्वच निराळे. सिलिंडरमधील हवा इतकी दाबायची की ती 500 अंशांहून अधिक तापावी. मग तीत डिझेलचा तुषार सोडायचा, म्हणजे तो आपोआप पेट घेतो. हवा, दाब आणि डिझेल या तिघांपैकी एकाची जरी उणीव पडली, तरी सेल्फ बिचारा फिरतच राहतो.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ एका जुन्या ट्रकचे मालक आहेत, तो चालवतातही स्वतःच. कांदा भरून ते वाशीच्या बाजाराकडे निघाले होते. रात्री वडप्याला मुक्काम केला आणि पहाटे गाडी चालू होईना. आम्ही त्याच रस्त्याने नाशिकहून परतत होतो. त्यांचा फोन आला म्हणून थांबलो. पाहतो तो यंत्राचा दोष शोधणे बाजूलाच राहिले होते, दोषी मात्र सापडला होता! तो म्हणजे त्यांचा क्लीनर, एका आदिवासी पाड्यावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा.

‘‘फादर, यानंच घात केला,’’ मालक संतापाने म्हणाले. ‘‘रात्री मी झोपलो तेव्हा यानं डिझेल काढून विकलं आणि वर रॉकेल नाहीतर पाणी ओतलं. खिशात सातशे रुपये निघाले. आता चौकीवरच नेतो याला.’’ भोवती चार-पाच ड्रायव्हर जमले होते. मुलगा मान खाली घालून उभा होता. पैसे आपल्या पगारातले आहेत, असे त्याने एकदा सांगितले. ते कोणी मनावर घेतले नाही.

एवढ्यात गॅरेजमधील वयस्क मिस्त्री आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. आधी इतकेच बजावले, ‘‘एकसारखा सेल्फ मारू नका, बॅटरी बसेल. दहा सेकंद मारा, मग थांबा.’’ मालक सेल्फ मारीत असता ते मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहत राहिले. धुराची रेषही दिसेना. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, असे समजायचे. धूर मुळीच नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. मग इंजिन बंद करण्याची तार अडकली आहे काय, हे त्यांनी पाहिले. ती मोकळी होती. टाकीत काठी बुडवून पाहिली, तेव्हा मालकांनी आदल्या संध्याकाळी मापले होते तेवढेच डिझेल निघाले. फिल्टरच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले. पाणी जड, ते तळाशी वेगळे दिसले असते, पण बाटली स्वच्छ होती. रॉकेलबद्दल विचारताच ते हसून म्हणाले, ‘‘रॉकेलवर तर गाडी सुरू झाली असती, साहेब.’’

नंतर त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारला. डिझेलऐवजी फेस आला. पाइपात हवा शिरली होती. बुडबुडे संपून निर्मळ धार येईपर्यंत हातपंप मारून त्यांनी स्क्रू आवळला. दुसऱ्याच सेल्फला इंजिन गरजले.

येथे कोणीही समाधान मानले असते. चाचांनी मानले नाही. हवा आली कोठून? टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप त्यांनी बोटांनी चाचपला. क्लिपखाली एक बारीक भेग होती. पंपाच्या पुढे भेग पडली तर डिझेल गळते, जमिनीवर डाग पडतो. पंपाच्या मागे मात्र ओढ असते. तेथल्या भेगेतून बाहेर थेंबही न पडता हवा आत जाते. गाडी चालू असते तोवर पंप निभावून नेतो. रात्रभर उभी राहिली की पाइपातले डिझेल टाकीकडे परतते. वीतभर पाइप आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम भागले.

आणि ते सातशे रुपये? मालकांनीच आठ दिवसांपूर्वी दिलेल्या पगारातले ते उरलेले पैसे होते. मालक वरमले. त्यांनी मुलासाठी चहा मागवला. आम्ही त्यांना बाजूला घेऊन म्हटले, ‘‘चहा चांगलाच आहे, पण आरोप तुम्ही चौघांसमोर केलात. आता त्याच चौघांना खरे सांगायला हवे.’’ त्यांनी मन मोठे केले. ड्रायव्हरांना हाक मारून म्हणाले, ‘‘पाइप फुटला होता. पोराचा काही दोष नाही. माझंच चुकलं.’’ मुलाने तेव्हा कोठे मान वर केली.

दानीएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची कथा आहे. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि जमावाने तिला मृत्युदंडही ठरवला. तरुण दानीएलने दोघांना वेगवेगळे करून एकच साधा प्रश्न विचारला : तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघांनी दोन निराळी झाडे सांगितली आणि एक निरपराध जीव वाचला. दानीएलने भाषण केले नाही, परीक्षा केली. चाचांची बाटली आणि दानीएलचा प्रश्न ही एकाच धर्माची कामे आहेत, असे आम्हांस वाटते.

खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. पुराव्यावाचून दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हाही त्या आज्ञेचा भंग आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. घरातली सोनसाखळी दिसेनाशी होते आणि नजर प्रथम कामवाल्या बाईकडे जाते. मंडळाचा हिशेब जुळत नाही आणि खजिनदाराच्या नव्या स्कूटरची चर्चा सुरू होते. गरीब, परका, मितभाषी माणूस आपल्या संशयाला फार सोयीचा असतो. वास्तविक क्रम उलटा हवा. आधी काय बिघडले ते नीट पाहावे, मग कशाने बिघडले ते शोधावे, आणि त्या वाटेवर एखादा माणूस खरोखरच उभा दिसला तरच त्याचे नाव घ्यावे.

आणि नाव आधीच घेऊन झाले असेल, तर पापनिवेदनाच्या पेटीत ते कुजबुजून भागत नाही. ज्यांच्या कानांवर आरोप घातला, त्यांच्याच कानांवर सत्य घालावे लागते. त्याला वेळ फारसा लागत नाही, धैर्य मात्र लागते.