दर दोन तासांनी

५ नोव्हेंबर
बीडच्या जिल्हा रुग्णालयातून पोर काल चौसाळ्याला घरी आली. जन्म ३३व्या आठवड्यातला, आजचं वजन १७२० ग्रॅम. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांनंतर बसतो, म्हणून तिथे सुरुवातीला नळीतून आईचंच दूध दिलं. आता आधी छातीला लावायचं, दमली की पिळून काढलेलं दूध उकळून घेतलेल्या बोंडल्यानं. किलोमागे दिवसाला १५० मिली धरलं तर दर दोन तासांनी २१-२२ मिली. आजीनं गुटीची सहाण आणि मध काढून ठेवला होता. “मावशी, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. औषधाचे थेंब तेवढे द्यायचे.” सहाण उचलली त्यांनी, पण मनाला लागलं असावं.

८ नोव्हेंबर
१७३०. तीन दिवसांत १० ग्रॅम! रोज पंचवीसच्या आसपास वाढायला हवेत.
“रडतच नाही ताई, लई गुणाची हाय.”
याचीच मला भीती वाटते. दिवस भरलेलं लेकरू भुकेनं घर डोक्यावर घेतं. हिच्यात तेवढं बळच नाही, ती नुसती झोपून राहते. रात्री अकरा ते पहाटे पाच पोटात थेंब नव्हता. आजोबांच्या मोबाइलवर गजर लावून दिले. थंडीही पडू लागलीय. अंग गार पडलं की पोटात गेलेलं दूध ऊब धरण्यातच खर्ची पडतं, वजन होत नाही. म्हणून पोर आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून लुगड्यानं बांधली. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी ही रीत सुरू केली, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आमच्याकडे तर पेटीच नाही.

११ नोव्हेंबर
ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला. उचल घेतलेली आहे, गाडी भरायची आहे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. फडावरच्या कोपीत बोंडलं उकळणार कोण? पहाटेच मोळ्या बांधायला गेलेली बाई दर दोन तासांनी पाजायला परत येईल कशी? त्याच्या तोंडावर विचारलं. जिला बाळंतपणाची रजा कुणी देत नाही, तिला “पोटभर पाज” सांगताना मला संताप येतो. शेवटी नवराच म्हणाला, “म्या अर्धा कोयता म्हणून जातो. ऱ्हायलेली उचल पुढल्या साली फेडू.”

१६ नोव्हेंबर
१९१०! काट्यावर दुसऱ्यांदा ठेवून पाहिली.
आज आईच्या ताटाकडे बघितलं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली अर्धी भाकरी, आणि बाळंतिणीला पाणी सोसत नाही म्हणून तांब्याही आखडता. आजीशी बराच वेळ बोलले. दूध आईच्या पोटातूनच यायचं, हे त्यांना पटलं. बाजरीची भाकरी, शेपू, हळिवाची खीर त्यांनीच सांगितली. लोहाच्या थेंबांची बाटली मात्र अजून सीलबंदच होती. ती उघडून मात्रा दाखवली. पोर महिन्याची व्हायच्या आत तिच्या डोळ्यांचा पडदा तपासायला हवा. परवा सकाळच्या एसटीनं बीडला जायचं ठरलंय, मीही सोबत जातेय.